कॅसेट डेकचे पुनरुज्जीवन
कॅसेट डेकचे पुनरुज्जीवन म्हणजे जुना कॅसेट डेक दुरुस्त करून पुन्हा वापरण्याजोगा करणे होय. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेल्या कॅसेटमधील चुंबकीय फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असून ती सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते.

बिघाड व दुरुस्ती
डेकमधील रबरी पट्टे कालांतराने सैल किंवा चिकट होतात. त्यामुळे फितीची गती अनियमित होऊन सूर हलतो. असे पट्टे बदलावे लागतात. फीत दाबून धरणारा पिंच रोलर कडक झाल्यास फीत यंत्रात अडकते. हेडवर साचलेला फितीचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. हेडचा कोन ढळल्यास उच्च स्वर मंद ऐकू येतात. मूळ मुद्रणाच्या कोनाशी तो जुळवल्यास ते पुन्हा स्पष्ट होतात.

वापर
दुरुस्तीनंतर डेक अँप्लिफायरला जोडून कॅसेट ऐकता येतात, तसेच त्यांची संगणकावर प्रत करता येते. घरगुती मुद्रणाची बहुधा एकच प्रत असते आणि चुरगळलेली फीत पूर्ववत होत नाही. म्हणून डेकची चाचणी प्रथम बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर घेतात.