दादा कोंडके: नटापासून निर्मात्यापर्यंत

गावाकडं दादा कोंडके म्हटलं की आधी हाफ चड्डी अन् लोंबती नाडी आठवते. त्यामागचा धंद्यात पक्का असलेला माणूस फारसा कुणी सांगत नाही.

दादा मुंबईच्या नायगावात वाढले, मूळ गाव भोरकडचं. अपना बाजारात नोकरी केली, सेवा दलाच्या कलापथकात काम केलं. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'नं नाव झालं. १९६९ ला भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'तून ते पडद्यावर आले.

खरी गोष्ट पुढं आहे. नटाला ठरलेलं मानधन मिळतं. नफा निर्मात्याचा, पण पिक्चर पडला तर बुडतोही तोच. दादांनी ही जोखीम अंगावर घेतली आणि १९७१ ला 'सोंगाड्या' स्वतः काढला. पिक्चर तयार, पण थेटर मिळेना! दादरच्या 'कोहिनूर'मध्ये देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'साठी 'सोंगाड्या'ला जागा नाकारली गेली. माल तयार असून बाजार मिळाला नाही तर काय होतं, ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. दादा बाळासाहेब ठाकरेंकडं गेले, शिवसैनिक थेटरावर धडकले, तेव्हा कुठं पडदा मिळाला. मग पिक्चर तुफान चालला.

यश आल्यावर दादांनी माणसं बदलली नाहीत. नायिका उषा चव्हाण, गाण्याला महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर, अशी जमलेली टोळी बरीच वर्षं टिकवली. १९७५ च्या 'पांडू हवालदार'पासून दिग्दर्शनही हाती घेतलं. त्यांच्या नऊ पिक्चरनी २५ आठवड्यांचा रौप्यमहोत्सव गाठला, त्याची नोंद गिनीज बुकात झाली.