मुखाचा कर्करोग : धोका ओळखताना

बंगळूरु शहरात १९७३ साली स्थापन झालेली किडवई स्मारक कर्करोग संस्था आहे. शहरातील कर्करुग्णांची नोंदवही तेथे अनेक वर्षे ठेवली जात आहे. त्या नोंदींच्या आधारे झालेला एक अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. मुखाचा कर्करोग झालेल्या ३४८ व्यक्तींची तुलना त्याच वस्तीतील, त्याच वयाच्या, हा रोग नसलेल्या व्यक्तींशी करण्यात आली. तंबाखू घातलेला विडा चघळणाऱ्यांना या रोगाचा धोका कितीतरी अधिक असल्याचे दिसले. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तर तो फारच जास्त आढळला. व्यसनाचा विषय निघाला की प्रथम पुरुषच डोळ्यांसमोर येतो, म्हणून हा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटेल. परंतु विडी ओढणारी स्त्री समाजाला खपत नाही, विडा खाणारी मात्र सहज खपते.

विड्याचा तोबरा बहुधा गालाच्या एकाच बाजूस धरला जातो. चुन्यामुळे तंबाखू व सुपारी यांतील द्रव्ये अधिक प्रमाणात सुटतात आणि तेथील नाजूक अस्तराला दररोज इजा करतात. दिवसातून किती विडे, प्रत्येक विडा किती वेळ तोंडात आणि हे किती वर्षे, यांवर धोका वाढत जातो. तोबरा तसाच ठेवून झोपणाऱ्याच्या अस्तराला तर रात्रीही विसावा नसतो.

तंबाखू वगळून नुसती सुपारी खाल्ली तर अपाय नाही, हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले. कर्नाटकात २०१३ साली गुटख्यावर बंदी आली. पुढे पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळू लागली!

या रोगाची सुरुवात बहुधा दुखत नाही, आणि खरी फसगत येथेच होते. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, तिखट खाताच होणारी आग, ही लक्षणे दुखण्याची वाट न पाहता तपासून घ्यावीत. सवय सोडल्यास धोका वर्षागणिक उतरत जातो. लवकर सापडलेला रोग पुष्कळदा बराही होतो. महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून ओठ, गाल, हिरड्या व जिभेच्या कडा पाहाव्यात. जिभेखालची जागा हमखास राहून जाते. शेवटी स्वतःचीच तीन बोटे एकावर एक धरून तोंडात घालून पाहावीत. ती जात नसतील, तर दंतवैद्याकडे जावे.