खिशातला कॅमेरा की लांबचं टिपणारा?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा ते माझ्या माहेरच्या घरातही आलं. मारुती चौकाच्या बाजूचं जुनं घर. भाऊ-भाभीनं अम्मीला वेळेत मिरजेला मोठ्या आपाकडे हलवलं. अल्लाहची मेहेरबानी, माणसं सगळी सुखरूप राहिली. पाणी ओसरल्यावर आम्ही बहिणी घर साफ करायला गेलो. लोखंडी पेटीत घरचा अल्बम होता. पानं एकमेकांना चिकटून त्याचा पार लगदा झाला होता. हजला निघताना मिरज स्टेशनवर काढलेला अब्बांचा फोटो त्यातच होता. अब्बांना फोटो काढून घेणं आवडत नसे, त्यामुळे त्यांचा असा तो एकच. अम्मीनं तो लगदा हातात घेतला, बघितला आणि परत पेटीत ठेवला. बोलली काहीच नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या साताऱ्याच्या घरी कॅमेऱ्यावरून वाद झाला, तेव्हा मला तो अल्बम आठवत होता.

वाद असा. मुलीचा निकाह ईदनंतर ठरला होता. खर्चाच्या यादीत कॅमेऱ्यासाठी तीस हजार रुपये बाजूला काढले होते. मुलीला पर्समध्ये मावेल असा छोटा कॅमेरा हवा होता. मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, त्याला पक्ष्यांचं वेड. त्याला लांबलचक झूमचा मोठा कॅमेरा हवा होता. त्याचं म्हणणं, "मम्मी, निकाहचे फोटो त्यातही निघतात. छोट्यात पक्षी निघणार नाहीत." आणि मुलांचे अब्बू म्हणत होते, "दोन्ही कशाला? मोबाईल आहे की सगळ्यांच्या हातात!"

मोबाईल असताना कॅमेरा कशाला?

प्रश्न रास्त आहे. रोजच्या फोटोंना मोबाईल पुरतो. पण आमच्याकडे मेहंदी आणि हळदीला बायकांच्या बाजूला बाहेरचा फोटोग्राफर येत नाही. घरातल्याच मुली फोटो काढतात. मोबाईलवर काढलेला फोटो रात्री जेवणं होईपर्यंत कुठल्या-कुठल्या ग्रुपवर पोहोचतो, ते आपल्याला कळतही नाही. मागच्या एका लग्नात असंच झालं आणि एका मुलीला घरी बोलणी खावी लागली. कॅमेऱ्यातला फोटो कार्डात राहतो. कार्ड आपल्या कपाटात राहतं. कुणाला द्यायचा, कुणाला नाही, हे आपण ठरवतो.

दुसरी गोष्ट, लांबचा पक्षी. मोबाईलवर बोटांनी चित्र ताणलं की बगळ्याचा कापूस होतो. तेव्हा कॅमेरा घ्यायचा हे ठरलं. प्रश्न राहिला तो कुठला.

दोन कॅमेरे, दोन स्वभाव

खिशातल्या कॅमेऱ्याला कॉम्पॅक्ट म्हणतात. मोठ्या झूमवाल्याला ब्रिज कॅमेरा म्हणतात. आम्हा सांगलीकरांना पूल म्हटलं की १९२९ चा आयर्विन पूल आठवतो, पण हा पूल वेगळा. छोटा कॅमेरा आणि लेन्स बदलता येणारा व्यावसायिक कॅमेरा, या दोन काठांच्या मधला म्हणून त्याचं नाव ब्रिज. याची लेन्स बदलत नाही, पण ती एकच लेन्स जवळचंही बघते आणि फार लांबचंही.

दुकानात पहिला आकडा सांगतात तो झूमचा. '८३ एक्स' म्हणजे लेन्सचं सर्वांत लांबचं टोक जवळच्या टोकाच्या ८३ पट. निकॉनच्या कूलपिक्स पी९०० मध्ये हे २४ ते २००० मिलिमीटर असं आहे. सोनीच्या पहिल्या आरएक्स१०० मध्ये २८ ते १००, म्हणजे जेमतेम साडेतीन पट. आकडे ऐकून कुणालाही वाटेल की पहिला कॅमेरा कितीतरी सरस आहे.

पण आणखी एक आकडा असतो, तो दुकानदार सहसा सांगत नाही. आत प्रकाश झेलणारी जी पट्टी असते, सेन्सर, तिचा आकार. बहुतेक मोठ्या झूमच्या कॅमेऱ्यांत ती साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटर असते, नखापेक्षाही लहान. आरएक्स१०० मध्ये ती १३.२ बाय ८.८ मिलिमीटर आहे, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. अंगणात पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल? प्रकाशाचंही तसंच. भर उन्हात वाटीही भरते. ट्यूबलाइटच्या उजेडात मात्र परातच लागते. मेगापिक्सेल दोघांचे १६ ते २० च्या घरात. त्यावरून काही ठरत नाही.

वाटी लहान का ठेवतात? मोठ्या सेन्सरवर एवढा झूम द्यायचा तर लेन्स हातभर लांब होईल. लहान सेन्सरमुळेच तो झूम गळ्यात अडकवण्याजोगा होतो. तरीही पी९०० चं वजन सुमारे ९०० ग्रॅम आहे, त्याच्या पुढच्या पी१००० चं १,४०० ग्रॅमच्या आसपास. आरएक्स१०० फक्त २४० ग्रॅम.

मायणीच्या तलावावर

वाचून भांडण मिटेना, म्हणून दोन्ही कॅमेरे मागून आणायचं ठरलं. मुलाच्या मित्राच्या चाचांकडे पी९०० होता आणि आपाच्या जावयाकडे आरएक्स१००.

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे पुसेगाव-वडूजमार्गे मायणीला गेलो. खटाव तालुक्यातला हा तलाव रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी, प्रसिद्ध आहे. त्या दिवशी रोहित काही दिसले नाहीत. पण लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे होते आणि पाण्याच्या कडेला एक राखी बगळा ध्यान लावून उभा होता. छोट्या कॅमेऱ्यात तो बगळा म्हणजे पाण्यावरचा ठिपका. मोठ्या कॅमेऱ्यात त्याचा पिवळा डोळा दिसला, चोचीतून ओघळणारा थेंबसुद्धा. मुलानं माझ्याकडे बघितलं. मी कबूल केलं, याला तोड नाही.

पण त्याच सकाळी दोन गोष्टी कळल्या. एवढ्या झूमला हात जरा हलला तरी पक्षी चौकटीतून पळतो. कॅमेऱ्यात थरथर सावरायची सोय असते, तरी कठड्याचा किंवा ट्रायपॉडचा आधार लागतोच. आणि ऊन चढल्यावर फोटो आपोआप पुसट येऊ लागले. कॅमेरा बिघडला की काय असं वाटलं. तसं नव्हतं. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबचं चित्र त्या हवेतून येतं. त्यावर महागड्या लेन्सचाही इलाज नाही. लांबच्या फोटोंची खरी वेळ सकाळचीच.

सागरेश्वरला हरणं बघायला जाणाऱ्यांनाही हाच कॅमेरा उपयोगी. कासच्या पठाराचं मात्र दुहेरी आहे. तिथली बरीच फुलं चिमुकली. आरएक्स१०० पाच सेंटीमीटरपर्यंत जवळ जातो, पण फूल वाटेच्या कडेलाच हवं. मोठा कॅमेरा वाटेवर उभं राहून काही मीटर लांबचं फूल भरून दाखवतो. एका फुलाच्या फोटोसाठी दहा फुलं तुडवायची नसतील, तर तिथे झूमच बरा.

मिरजेची मेहंदी

पुढच्या महिन्यात आपाच्या धाकट्या मुलीची मेहंदी होती. त्या दिवशी दुपारी मुलं सतारमेकर गल्लीत जाऊन आली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्यांना ती गल्ली बघायची होती. एका कारागिराची परवानगी घेऊन दोघांनी फोटो काढले. दुकान अरुंद, उजेड दारातून येईल तेवढाच. मोठ्या कॅमेऱ्यातल्या फोटोत भोपळ्यावर रवाळ दाणे उमटले. छोट्यात लाकडाचे रेषेरेषेचे पापुद्रे दिसत होते.

रात्री मेहंदीला तेच झालं. मुलानं बजावून दिल्यामुळे मुलीनं आधी मोठा कॅमेरा घेतला. तो बघून दोघी-तिघींनी ओढणी तोंडावर घेतली, एक-दोघी उठून आत गेल्या. फ्लॅश मारला की चेहरे पांढरेफटक. फ्लॅश बंद केला की हात हलल्यासारखे पुसट. मग तिनं छोटा काढला. तो तिच्या तळहातात मावत होता, पाच मिनिटांनी कुणाचं लक्षही राहिलं नाही. बायका गात होत्या, हसत होत्या. मुलगी आधी विचारायची, मग काढायची.

कोपऱ्यात खुर्चीवर माझी अम्मी बसली होती. ती आयुष्यभर कॅमेरा दिसला की मान वळवत आली. नातीनं विचारलं, "नानी, काढू?" अम्मीनं कॅमेऱ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "काढ. पण त्या मोबाईलवर टाकू नको."

फोटोत अम्मीच्या हातावर मेहंदीचा छोटा चांद आहे आणि ती नवरीकडे बघते आहे. तो फोटो मुलानंच पहिल्यांदा मोठा करून पाहिला. बराच वेळ बघत होता. साताऱ्याला परतताना गाडीत म्हणाला, "मम्मी, छोटाच घेऊ. बगळे पुढच्या थंडीतही येतील." पुढचं बोलला नाही. मीही विचारलं नाही.

तुम्ही ठरवाल तेव्हा

आमचं उत्तर तेच तुमचं असेल असं नाही. आधी घरातले गेल्या वर्षभराचे फोटो काढून बसा आणि मोजा. किती फोटो दहा फुटांच्या आतले आहेत? किती संध्याकाळनंतरचे, घरातले? आमचे दहातले आठ असे निघाले. अशा घराला छोटा, पण मोठ्या सेन्सरचा कॅमेरा बरा. तुमच्या घरात दर रविवारी पहाटे पक्षी बघायला जाणारं कुणी असेल, किंवा मुलाचा क्रिकेटचा सामना गॅलरीतून टिपायचा असेल, तर ब्रिज कॅमेराच घ्या, मागे बघू नका.

नुसता छोटा आहे म्हणून कुठलाही कॉम्पॅक्ट घेऊ नका. स्वस्तातल्या बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांत तीच 'वाटी' असते. मग घरातल्या उजेडात फारसा फरक पडत नाही, फक्त वजन कमी होतं. मोठ्या सेन्सरचे ब्रिज कॅमेरेही आहेत, सोनीची आरएक्स१० मालिका तशी. त्यांचा झूम आणि उजेडातलं काम दोन्ही चांगलं, पण किंमत आणि वजन दोन्ही जास्त. खिशात मावून तीस पट झूम देणारेही मिळतात. त्यांत दोन्हीकडचं थोडं थोडं मिळतं, पुरतं कुठलंच नाही.

आमच्या बजेटमध्ये नवा बसत नव्हता, म्हणून वापरलेला घेतला. तसा घेताना हे बघा: कॅमेरा चार-पाच वेळा चालू-बंद करा, लेन्स बाहेर येताना अडकते का, करकरते का. कोऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढा, त्यात एकाच जागी काळा डाग दिसला तर आत धूळ आहे. बॅटरी फुगलेली नको. चार्जर आणि मूळ बिल मागा. आपलं कार्ड सोबत न्या आणि घरी येऊन मोठ्या पडद्यावर फोटो बघून मगच पैसे द्या, निदान दोन दिवसांत परत करायची बोली करून घ्या.

आणि एक शेवटचं. कॅमेरा कुठलाही घ्या, फोटो एकाच जागी ठेवू नका. आम्ही निकाहचे सगळे फोटो दोन हार्ड डिस्कवर घेतले. एक साताऱ्यात आहे, एक मिरजेत आपाच्या कपाटात. निवडक पंचवीस फोटो छापूनही आणले. अल्बम अम्मीकडे नेला, तेव्हा तिनं चष्मा मागितला. मेहंदीच्या फोटोवर आली आणि विचारलं, "ही मीच ना?" मग भाभीला हाक मारून म्हणाली, "हा अल्बम पेटीत नको. वर, माळ्यावर ठेव."