आधी बॅटरी, मग एअरबॅग

डोंबिवलीतली मोटार सोमवार ते शनिवार सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते. मालक लोकलने जातो. रविवारी कल्याणला मावशीकडे किंवा ठाण्याला कुणाच्या तरी बारशाला जायचं म्हणून गाडी बाहेर निघते. चावी फिरवली की सेल्फ कण्हतो, कसंबसं इंजिन लागतं आणि डॅशबोर्डवर लाल दिवा पेटतो: बसलेला माणूस आणि त्याच्या छातीसमोर गोळा. हा दिवा पेटणं बरोबरच आहे, पण काही सेकंदांत तो विझायला हवा. माझ्या जुन्या एमएच ०५ हॅचबॅकमध्ये तो विझेना. एका सर्व्हिस सेंटरने गाडी नीट न बघताच अख्खं मॉड्यूल बदलायला सांगितलं. म्हणून मी कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो आणि त्यानंतर निव्वळ बघ्या म्हणूनही जात राहिलो.

त्याच्याकडे स्कॅनर आहे, पण तो आधी बाहेर काढत नाही. पहिला प्रश्न ठरलेला: “साहेब, गाडी याआधी कधी काढली होती?” मग बॉनेट उघडून मल्टिमीटरच्या पिना बॅटरीला लावतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२ च्या खाली आली की जवळजवळ रिकामी. पण नुसत्या या आकड्यावर त्याचा भरवसा नाही. “मारा सेल्फ,” म्हणतो आणि नजर मीटरवर ठेवतो. सेल्फ फिरताना आकडा कोसळतो, तो ९.६ च्याही खाली गेला, तर बॅटरीचं वय झालं किंवा तिला नीट चार्जिंगची गरज आहे. इंजिन लागल्यावर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसलं तर अल्टरनेटर ठीक.

एअरबॅग सांभाळणारी पेटी बहुतेक गाड्यांत गिअरजवळ, मधल्या कन्सोलखाली असते. चावी फिरली की ती आपली सगळी मंडलं तपासते. त्याच क्षणी बॅटरी मान टाकत असेल, तर ती दोष नोंदवते आणि दिवा लावून ठेवते. काही गाड्यांत व्होल्टेज सुधारलं की दिवा आपोआप जातो. काहींत कोड स्कॅनरने पुसावाच लागतो. ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र इथे बहुधा उपयोगी पडत नाही, कारण ते इंजिनचे कोड वाचतं, एअरबॅगचे नाही. दिवा जळतो आहे तोवर अपघातात एअरबॅग उघडेलच असं धरून चालू नये. गाडी चालते, म्हणून लोक महिनोन्महिने तसेच फिरतात.

बॅटरी ठीक असेल तर पुढचा संशय सीटखालच्या जोडणीवर. एअरबॅग आणि बेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेच्या वायरी पिवळ्या आवरणात किंवा पिवळ्या कनेक्टरला असतात, चुकून कुणी हात लावू नये म्हणून. आपण मात्र सीटखाली छत्री, पाण्याची बाटली, भाजीची पिशवी, मुलांचे बूट असं काय काय कोंबतो. सीट मागे-पुढे सरकवताना कनेक्टर ढिला होतो. इथे हा माणूस एकदम सावध होतो. चावी बंद, बॅटरीची काळी वायर सुटी, आणि मग चहा. हा चहा कामाचाच भाग आहे. पेटीतल्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही काही वेळ वीज साठलेली असते, त्यामुळे काही मिनिटं थांबल्याशिवाय पिवळ्या वायरीला हात लावायचा नाही. आणि एअरबॅगच्या तोंडाशी मल्टिमीटर कधीच लावायचा नाही. तपासणीपुरता सोडलेला प्रवाहसुद्धा ती उडवू शकतो. काढलेली स्टिअरिंगची एअरबॅग तो गादी वर करून ठेवतो. पालथी ठेवलेली उडाली तर सगळं धूड छताकडे झेपावेल.

दिव्यासोबत हॉर्नही बंद पडला असेल, तर तो सीटकडे बघतसुद्धा नाही. स्टिअरिंगमागे घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली एक चपटी पट्टी असते. स्टिअरिंग कितीही फिरलं तरी हॉर्न आणि एअरबॅगची जोडणी तुटू नये म्हणून. वर्षानुवर्षं वळणं घेऊन ती तुटते. ती बदलावीच लागते, डागडुजी नाही.

पाण्याची कथा वेगळी. २६ जुलै २००५ ला किंवा २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचं पाणी बदलापूर-कल्याण पट्ट्यात शिरलं, तेव्हा गाड्यांचे गालिचे भिजले. पेटी खालीच असल्याने पाणी आधी तिच्यापर्यंत जातं. वरून गाडी चकाचक धुतली तरी कनेक्टरमधला हिरवट गंज पुढे दिसतोच.

बॅटरीचं दुखणं मात्र आपल्या सवयींचं आहे. पार्किंगमध्येच पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून “चार्ज केली” असं समाधान मानण्यात अर्थ नाही. सेल्फने ओढलेली वीजही त्या वेळात धड परत भरत नाही. निदान अर्धा तास रस्त्यावर पळवायला हवी. तेही मोकळ्या रस्त्यावर; घोडबंदरच्या कोंडीत एसी, वायपर, दिवे चालू असताना हळू फिरणाऱ्या इंजिनाकडून फारशी आशा नको. डॅशकॅम आणि ट्रॅकर उभ्या गाडीतही वीज पितात. टर्मिनलवरचा पांढरा-निळा साका खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, कोरडं करून व्हॅसलीन लावावं. झाकणं उघडणाऱ्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर. वायर काढताना आधी काळी, लावताना शेवटी काळी. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप घ्यायचा असेल तर शेवटचा काळा चिमटा आपल्या बॅटरीवर नको, लांब इंजिनच्या धातूवर लावावा; बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनजवळ ठिणगी नको. पद्मिनी-अँबॅसेडरच्या काळातला एक प्रयोग काही मिस्त्री अजून करतात: इंजिन चालू ठेवून टर्मिनल काढून बघणं. आजच्या गाडीत त्यातून उसळणारं व्होल्टेज पेट्यांचा जीव घेतं. असं करू लागला तर हात धरावा.

चालकाची एअरबॅग आपल्याकडे नव्या गाड्यांना १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, म्हणजे त्याआधीच्या कित्येक गाड्यांत ती नाहीच. ज्यांत आहे, त्यातल्या काहींत जपानच्या ताकाता कंपनीचे सदोष इन्फ्लेटर होते. त्यांतलं अमोनियम नायट्रेट उष्णतेत आणि दमटपणात वर्षानुवर्षं राहून बिघडतं, आणि आपली खाडीकाठची हवा तर दमटच. होंडाने त्यासाठी भारतातही गाड्या परत मागवल्या होत्या. इन्फ्लेटरच्या या दोषाने लाल दिवा लागत नाही. चासी नंबर देऊन कंपनीकडे चौकशी करावी लागते.

मला सर्वांत घातक वाटते ती विक्रीआधीची चलाखी. जुनी गाडी विकताना दिव्याचा बल्बच काढतात, किंवा उडून गेलेल्या एअरबॅगच्या जागी रेझिस्टर जोडून पेटीला फसवतात. रेझिस्टरची लबाडी स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड उघडल्याशिवाय कळत नाही, तेवढे पैसे ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला जरूर द्या. बल्बची तुम्हालाच पकडता येते: सौदा करण्याआधी स्वतः चावी फिरवा. एअरबॅगचा दिवा पेटला आणि विझला, तरच पुढे बोला. पेटलाच नाही, तर गाडी तिथेच सोडून या.