मासळीची टोपली आणि भीमेचे पाणी

मासळीच्या व्यापाऱ्याला टोपली पाहून नदीची तब्येत सांगता येते, असे आम्ही म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. भीमेचेच उदाहरण घेऊ. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते आणि पुढे उजनी धरणात साचते. याच धरणाची मासळी भिगवण, इंदापूरच्या बाजारात येते.

साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातला महाशीर त्याला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतच मिळाला होता. वाहते, स्वच्छ पाणी हीच या माशाची गरज. आज उजनीच्या टोपलीत चिलापीच जास्त दिसते. हा परदेशी मासा १९५२ साली भारतात आला. मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा वीण होते आणि कमी प्राणवायूतही तो तग धरतो.

सारे गणित प्राणवायूचे आहे. २५ अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात दर लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मत्स्यपालनासाठी तो किमान ४ असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. मैला, मळी, रक्त, आतडी पाण्यात पडली की ती कुजवणारे जंतू हा प्राणवायू खातात. रात्री शेवाळही प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरते. म्हणून मासे बहुधा पहाटे मरून तरंगतात. रोहू, कटला आधी जातात. मरळ, शिंगी, मांगूर हे वर येऊन हवा घेतात म्हणून वाचतात. तेव्हा टोपलीत जिवंत मरळ आहे म्हणजे पाणी चांगले आहे, असे समजू नये.

यात नुकसान आपल्याच धंद्याचे आहे. मरळ किंवा वाम यांना जो भाव मिळतो, तो चिलापीला मिळत नाही. जाती घटल्या की गिऱ्हाइकाला दाखवायला माल उरत नाही.

आमची व्यापारी व कारागीर बांधवांना सूचना अशी: तरंगलेली मासळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आफ्रिकन मांगूर पाळण्यावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली आहे, त्याच्या सौद्यात पडू नका. रंगाऱ्यांनी रंगाचे पाणी, मुलामा देणाऱ्यांनी तेजाब आणि खाटीक बांधवांनी आतडी नाल्यात सोडू नयेत. नाला शेवटी नदीलाच मिळतो आणि नदीचा हिशेब बाजारात चुकता करावा लागतो.