श्वासातला खंड: नेहमीचा कोणता, धोक्याचा कोणता?

नवजात बाळ मिनिटाला साधारण 40 ते 60 श्वास घेते, पण एका लयीत नाही. पाच-दहा सेकंद थांबते, मग भराभर श्वास घेते. रंग बदलला नाही, तर हा आजार नव्हे. खंड 20 सेकंद किंवा अधिक असेल, किंवा त्याहून लहान खंडातही अंग निळे पडले वा ठोके मंदावले, तर तो ‘ॲप्निया’. म्हणजे नुसते घड्याळ पुरत नाही.

अकाली जन्मलेल्यांत मूळ बहुधा मेंदूतील अपक्व श्वसनकेंद्रात असते. 28 आठवड्यांआधी जन्मलेल्या जवळपास प्रत्येक बाळात ॲप्निया आढळतो. आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजलेले 37 आठवडे भरेपर्यंत तो बहुधा ओसरतो, पण 28 आठवड्यांआधीच्यांत त्यानंतरही टिकू शकतो. ‘वाढेल तसे जाईल’ हे तेवढ्यापुरते खरे. पण जंतुसंसर्ग, रक्तातील साखर घटणे, अंग गार पडणे यांनीही श्वास थांबतो. पूर्ण दिवसांच्या बाळात तर असे कारण शोधावेच लागते. उपचार: तळवे-पाठ चोळून जागवणे, मान सरळ ठेवणे, कॅफिन (होय, कॉफीतलेच), गरजेनुसार सीपॅप (नाकातून सतत हलक्या दाबाने हवा देणे).

गोंदियात बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात आजारी नवजातांसाठी विशेष कक्ष (एसएनसीयू) आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावहून तो दूर पडतो, म्हणून खूण घरीच ओळखावी लागते. रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशाताई 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी घरी येतात. शंका त्यांना विचारावी. बाळ निळे पडले, तर मात्र भेटीची वाट न पाहता 108 ला फोन करा.