वायर टाकली, तरी इंटरनेट कुठे अडते?

जुना जालन्यातील जुन्या घरांची बांधणी आपल्या ओळखीची आहे. रस्त्याच्या अंगाला दुकान, मागे गोदाम किंवा कारखाना आणि वर बिऱ्हाड. भिंती दगडमातीच्या, हातभर जाडीच्या. उन्हाळ्यात अशा घराचा गारवा सुखाचा, परंतु वायफायच्या लहरींना याच भिंती आडव्या येतात. म्हणून हल्ली पुष्कळ व्यापारी बांधव 'मेश'चे दोन-तीन डबे घेतात आणि हिशेबाच्या संगणकाला वायर जोडून निश्चिंत होतात. पुढे एके दिवशी वायर असूनही इंटरनेट बंद पडते आणि मालक म्हणतो, "वायर तर टाकली, आता काय राहिले?" या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आमचा हा प्रयत्न आहे.

हा प्रश्न केवळ सोयीचा राहिलेला नाही. २०१७ साली जीएसटी आला, २०१८ पासून ठरावीक किमतीवरच्या मालाला ई-वे बिल लागू झाले. बिल निघाले नाही तर भरलेली गाडी दारातच उभी राहते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यास २० तारीख चुकली तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर सालीना १८ टक्के व्याज पडते. छोट्या कारागिराच्या नफ्यातून ही रक्कम विनाकारण जाते.

दोष शोधण्याची रीत मात्र जुनी आहे. जमशेदखानाने मोती तलाव बांधून जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांपर्यंत पाणी आणले, अशी इतिहासात नोंद आहे. शेवटच्या हौदात पाणी आले नाही तर जाणता माणूस तलावापासून एकेक टप्पा पाहत येणार. इंटरनेटचेही तसेच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार वायरी एकदम उपसल्या तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही.

पहिला टप्पा फायबरच्या डब्याचा. त्यावर 'लॉस'चा लाल दिवा लागला असेल तर फायबरचा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाही. डब्यात शिरणारी बारीक वायर सैल झाली नाही ना, तिला घडी पडली नाही ना, एवढे पाहून कंपनीकडे तक्रार नोंदवावी. घरातील डबे उघडझाक करून काही साधत नाही.

दुसरा टप्पा मेशच्या मुख्य डब्याचा. फायबरकडून येणारी वायर त्याच्या 'वॅन' खाचेत हवी. इथेच एक नेहमीची गफलत होते. खाचा कमी पडतात म्हणून लोक स्विच आणतात आणि तो फायबरचा डबा व मुख्य डबा यांच्या मधोमध बसवतात. स्विच नेहमी मुख्य डब्याच्या पुढे असावा. फायबरचा डबा आणि मेश दोघेही पत्ते वाटू लागले तर घरात दोन वेगळी जाळी तयार होतात. मग इंटरनेट चालते, पण वरच्या संगणकाला खालचा प्रिंटर सापडत नाही. यावर उपाय सोपा आहे. मेशला 'ॲक्सेस पॉइंट' पद्धतीवर ठेवावे, किंवा कंपनीकडून फायबरचा डबा 'ब्रिज' करून घ्यावा.

तिसरा टप्पा वायरीचा. लॅनच्या वायरीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात. १००० ला चारही लागतात. म्हणून एखादी तार तुटली तरी इंटरनेट कधी कधी चालूच राहते, फक्त वेग १०० वर येऊन थांबतो. अशा वेळी चांगली ठरलेली दुसरी वायर लावून पाहावी. तिच्याने वेग आला तर दोष पहिल्या वायरीचा किंवा तिच्या कनेक्टरचा. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. विकत घेताना तार ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. तांब्याचे दाम देऊन ते घरी आणू नये. एक वायर १०० मीटरपलीकडे नेऊ नये. मोटार व वेल्डिंगच्या विजेच्या वायरींसोबत एकाच पाइपातून तर नेऊच नये, कारण त्यात जिवालाही धोका आहे. दोन इमारतींमध्ये गच्चीवरून जोडणी करायची झाल्यास फायबर बरे. तांब्याच्या तारेतून विजेचा धक्का आत येऊ शकतो.

चौथा टप्पा दुसऱ्या-तिसऱ्या डब्याचा. संगणक वायरीने या डब्याला जोडला, पण हा डबा मुख्य डब्याशी हवेतूनच बोलत असेल, तर भिंतीचा अडसर कायम राहिला. वायरीचा खरा लाभ मुख्य डब्यापासून इथपर्यंत वायर आणली तरच होतो. काही डब्यांच्या खाचाच १०० च्या असतात, हेही खरेदीपूर्वी विचारून घ्यावे. एका वायरीची दोन्ही टोके चुकून एकाच स्विचमध्ये गेली तर सारे दिवे एकसारखे लुकलुकतात आणि घरभर इंटरनेट ठप्प होते. ती वायर काढताच सारे सुरळीत होते.

शेवटचा टप्पा संगणकाचा. त्याला मिळालेला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मुख्य डब्याकडून पत्ता आलेलाच नाही. दोष या दोघांच्या मध्ये शोधावा. पत्ता ठीक असून इंटरनेट नसेल तर मुख्य डब्याकडे आणि त्याच्या पलीकडे पाहावे. सारे बंद करून पुन्हा सुरू करताना आधी फायबरचा डबा, तो स्थिरावला की मुख्य डबा, मग बाकीचे, असा क्रम ठेवावा. वीज गेल्यावर वरचा एखादा डबा बंद पडला तरी साखळी तुटते, तेव्हा मधले सगळे डबे व स्विच इन्व्हर्टरवर घ्यावेत.

व्यापारी बांधवांना आमचे सांगणे एवढेच की, प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा आणि घराच्या जोडणीचा साधा नकाशा डब्याजवळ चिकटवा. घरातल्या मुलामुलींना क्रिम्पिंगचा पकड आणि वायर तपासण्याचे छोटे यंत्र वापरायला शिकवा. हे हातांचे काम आहे आणि हातांचे काम आपल्या वस्तीला नवे नाही. २० तारखेच्या संध्याकाळी मिस्त्रीची वाट पाहत बसण्याची पाळी येणार नाही. उलट शेजारच्या चार दुकानांची जोडणी करून देणारा एक कारागीर आपल्याच घरात तयार होईल.